जिममध्ये सुरक्षेचे नियम सदस्यांना जाचक न वाटता सहज कसे अंगवळणी पाडता येतील?

पाट्या कमी करा, पहिल्या दिवशी माणूस सोबत द्या. नवा सदस्य आला की ट्रेनरने त्याला बेंच प्रेसच्या (बाकावर झोपून छातीवरून वजन उचलण्याच्या व्यायामाच्या) रॅकपाशी न्यावं आणि रिकामा बार घेऊन सेफ्टी पिन (बार अडवणाऱ्या रॅकमधल्या आडव्या दांड्या) छातीच्या किंचित खाली कशा लावायच्या ते त्याच्याच हातून करून घ्यावं. बार अडकला तर पिन वजन पेलतात, हे एकदा अनुभवलं की पुढे सांगावं लागत नाही. स्क्वॉटचंही तसंच.

वजन उचलताना दुसऱ्याचा आधार मागायला लोक लाजतात, विशेषतः नवखे. म्हणून ट्रेनरनेच आधी विचारावं, "शेवटच्या दोन रेप्सना आधाराला उभा राहू का?" चूक दिसली तर लांबून ओरडू नका, जवळ जाऊन हळू आवाजात सांगा. चारचौघांत टोकलेला माणूस परत विचारत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

कॉलर (बारवरची वजनं घसरू न देणाऱ्या क्लिप) आणि पुसायचे नॅपकिन हाताशी ठेवा. लांब असले की कुणी उठत नाही.

डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) मात्र कुलपात नको, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. हृदय अचानक बंद पडल्यावर सीपीआर (छाती दाबून दिलेला तातडीचा उपचार) आणि शॉक मिळाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.