अमेरिकेत दुकानदाराने खोटं सांगून माल गळ्यात मारला तर काय करता येतं?

प्रत्येक स्टेटचा कायदा वेगळा, त्यामुळे आधी कुठे राहता ते बघा. एफटीसीकडे (फेडरल ट्रेड कमिशन, ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) तक्रार टाकता येते पण ते तुमची एकट्याची केस लढत नाहीत, आणि त्यांच्या मूळ कायद्याखाली आपल्याला स्वतः दावाही लावता येत नाही, म्हणून खरा उपयोग स्टेटच्या कायद्याचा.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, इथे १९६७ चा चॅप्टर ९३ए नावाचा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जबरी आहे. मला एका दुकानाने "ब्रँड न्यू" म्हणून लॅपटॉप दिला, घरी उघडला तर खालच्या स्क्रूंवर ओरखडे आणि लॉगिनला कुणा दुसऱ्याचंच नाव!! दुकानवाला म्हणे रिफंड नाही. मग मी डिमांड लेटर पाठवलं, म्हणजे काय फसवलं, किती नुकसान झालं, काय हवंय हे साध्या भाषेत, सर्टिफाइड मेलने. त्यांना ३० दिवस मिळतात, त्यात वाजवी ऑफर नाही दिली आणि कोर्टात मुद्दाम फसवल्याचं सिद्ध झालं तर दुप्पट-तिप्पट भरपाई वर वकिलाची फी पण त्यांच्याच डोक्यावर. माझे पैसे बाराव्या दिवशी आले, कोर्टाची पायरी चढावीच लागली नाही.

न्यू जर्सीवाल्यांना (आपले लोक तिथे बरेच ना) कन्झ्युमर फ्रॉड अॅक्ट आहे, १९६० चा. तिथे नुकसान सिद्ध झालं की थेट तिप्पट. आणि दुकानात रिफंड पॉलिसीचा बोर्डच नसेल तर न वापरलेला माल २० दिवसांत परत करता येतो.

पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र आजच काढून ठेवा, वेबसाइटवरची ओळ उद्या गायब होते.