आटपाडीतला शनिवार ते शनिवार

लहान ग्रामीण गावात लोक दिवसभर करतात तरी काय आणि त्यांचा वेळ कसा जातो, असे आपण विचारले आहे. माझे बालपण सांगली जिल्ह्यातील आटपाडी या तालुक्याच्या गावी गेले आणि वडील आजही तिथे किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसतात, म्हणून त्याच गावापुरते सांगतो.

आटपाडीत हिशोब शनिवार ते शनिवार चालतो, कारण शनिवारी शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी इथे विशेष मानाची. तिचे नाक पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असते आणि तो बाक मनासारखा असला, तर एखाद्या नराची किंमत लाखांत जाते, यावर बाहेरच्यांचा सहसा विश्वास बसत नाही. भाव मोठ्याने बोलायचा नाही, अशी जुनी रीत आहे. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात धरतात आणि बोटे दाबून आकडा कळवतात; भोवतीची माणसे केवळ दोघांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधतात. एक जण हात सोडवून निघतो, दलाल त्याला दंडाला धरून परत आणतो आणि असे तीन-चारदा झाल्यावर विसाराची नोट हातावर पडते. लहानपणी मी एकदा उपरण्याखाली डोकावलो होतो. डोक्यात बसलेली टपली अजून लक्षात आहे.

दुकानातील उधारीची मुदतही बाजारावर ठरते. ‘बकरं विकलं की देतो’ हे वाक्य आमच्याकडे चेकइतके चालते आणि माझ्या माहितीत ते क्वचितच परत आले.

आपल्याला आटपाडीत तरुण कमी दिसतील. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुष्काळामुळे धनगर कळप घेऊन चाऱ्यामागे हिंडले, तर या पट्ट्यातील पुष्कळ कुटुंबांतील मुले गलाईच्या धंद्यात शिरली. सराफाकडचे जुने सोने मुशीत वितळवून, तेजाबाने त्यातील हीण काढून ते शुद्ध करायचे, हे ते काम. त्यासाठी ती केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरली आहेत. पैसा येतो, बंगले बांधले जातात, पण वर्षातील बरेच महिने त्यांत एखादी म्हातारी तेवढी राहते. कार्तिकात उत्तरेश्वराची यात्रा आली की कुलपे निघतात आणि सुट्टीवर आलेली नातवंडे आपसात मल्याळममध्ये भांडतात.

कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचे पाणी उपसा योजनेने आल्यापासून डाळिंबाच्या बागा वाढल्या आहेत. त्यामुळे पारावरच्या गप्पांतही आता पावसाच्या जोडीला तेल्या रोग आणि फवारणी यांचा विषय हमखास असतो. पाहुणे मात्र प्रथम स्वतंत्रपूरची चौकशी करतात. औंध संस्थानाने 1939 मध्ये कैद्यांसाठी वसवलेल्या त्या भिंतीविना वसाहतीत कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. गावाला त्याचे काही वाटत नाही, शेजारीच ते.

वडिलांच्या वहीत गलाईवाल्यांच्या घरांची पाने वेगळी आहेत. हल्ली पैसे मोबाईलवरून लगेच येतात, तरीही वडील ती नोंद खोडत नाहीत. यात्रेला मुलगा स्वतः दुकानात आला, चहा घेऊन गेला, की मगच त्या ओळीवर रेघ ओढतात.