पान उघडत नाही? आधी ब्राउझर काढून टाकू नका

नव्या मंडळींचा हात लगेच अनइन्स्टॉलकडे जातो. त्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून खासगी विंडोत तेच पान उघडा (फायरफॉक्समध्ये एन ऐवजी पी). तिथे नीट चाललं, तर दोष बहुधा एक्स्टेंशनचा (ब्राउझरला जोडलेलं छोटं प्रोग्राम) किंवा जुन्या कुकीजचा (साइटने तुमची ओळख ठेवायला साठवलेल्या नोंदी). एक्स्टेंशन्स सगळी बंद करा, मग एकेक चालू करत पाहा. कुकीज सरसकट पुसू नका, सगळीकडून लॉगआउट व्हाल. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटचा डेटा काढा.

प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ येत असेल, तर घड्याळ बघा. तारीख चुकली की सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत जुळत नाही आणि ब्राउझर अडवतो. तारीख दुरुस्त करूनही पीसी बंद केल्यावर पुन्हा मागे जाते? मग बहुधा मदरबोर्डवरची (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डवरची) सीआर २०३२ बटण बॅटरी संपली आहे. ३ व्होल्टची, स्वस्त असते. इंदुरात जेल रोडवर सहज मिळेल. प्लग काढूनच बदला. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ हा इशारा डावलून बँकेत लॉगिन मात्र कधीही करू नका.

निवडीचं म्हणाल, तर क्रोम आणि एज दोन्ही क्रोमियम या एकाच मूळ प्रोग्रामवर बनलेले. म्हणून दुसरा ब्राउझर फायरफॉक्स ठेवा, त्याचं इंजिन (पान वाचून दाखवणारा भाग) वेगळं आहे. एकात अडलेलं पान दुसऱ्यात तपासता येतं. विंडोज ७ वर क्रोम १०९ नंतर पुढे जात नाही, तिथे नवी साइट बिघडली तर दोष जुन्या ब्राउझरचा असू शकतो, मग कॅश (ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या प्रती) पुसून काही उपयोग नाही.