गवत आणि इतर झाडं हिरवीच का दिसतात?

कारण पानांतलं हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल. सूर्यप्रकाशातला निळा आणि तांबडा भाग ते जोरात शोषून घेतं आणि त्या ऊर्जेवर पाणी व कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवली जाते. हिरवा प्रकाश त्यामानाने कमी शोषला जातो. उरलेला परावर्तित होऊन डोळ्यांपर्यंत येतो. पण ‘हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी’ हे सर्रास सांगितलं जातं ते चूक आहे, पान त्यातलाही बराचसा वापरतं.

गवतावर काही दिवस दगड ठेवून उचलून बघा, खालचं गवत पिवळं पडलेलं असतं. उजेडाशिवाय नवीन हरितद्रव्य तयार होत नाही, जुनं विघटित होतं आणि आधीपासून पानात असलेली पिवळी रंगद्रव्यं, म्हणजे कॅरोटिनॉइड्स, दिसू लागतात. मला हा पुरावा सगळ्यांत सुंदर वाटतो.