पगार की प्रोफेशनल फी? थेरपिस्ट वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाशिकमधल्या खासगी हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. पगार ४४,००० (बेसिक २५,०००), हातात ४२,००० येतात. नोकरीला ४ वर्षं ९ महिने झाले. आता व्यवस्थापन म्हणतं, राजीनामा द्या आणि पुढच्या महिन्यापासून कन्सल्टंट म्हणून या, ५५,००० देऊ. वेळ तीच, बायोमेट्रिकही तेच. रजेच्या दिवसाचे पैसे कापणार. महिन्याला १३,००० वाढतात, तर घ्यावं का?

या अटींवर घेऊ नका. ते १३,००० कुठे जातात ते आधी पाहू.

आज हॉस्पिटलला तुम्ही ४४,००० ला पडत नाही. त्यांच्या वाट्याचा पीएफ १,८०० (१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के) आणि दरमहा साठत जाणारी ग्रॅच्युइटी सुमारे १,२०० धरली, की आकडा ४७,००० होतो, वर्षाचे ५,६४,०००. महिन्याचे २६ दिवस धरले तर वर्षाचे ३१२. त्यातल्या २१ रजा आणि ८ सणावाराच्या सुट्या आज भरपगारी आहेत, म्हणजे प्रत्यक्ष काम २८३ दिवस. ५५,००० ला २६ ने भागल्यावर रोजचे २,११५ रुपये होतात. तेवढेच २८३ दिवस काम केलंत तर वर्षाला ५,९८,५०० च्या आसपास मिळतील. हॉस्पिटलचा गट विमा सुटला, म्हणून स्वतःचा आरोग्यविमा आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी (उपचारातल्या चुकीबद्दल पेशंटने भरपाई मागितली तर कामी येणारा विमा) मिळून २५,००० वजा करा. उरले ५,७३,५००. वाढ झाली महिन्याला जेमतेम ८०० रुपयांची, आणि त्या बदल्यात नोकरीची सगळी सुरक्षितता गेली. आमच्या मते ६५,००० च्या खाली बोलणीच सुरू करू नयेत.

तारखेचा मुद्दा याहून महत्त्वाचा. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क पक्का होतो : २५,००० × १५/२६ × ५, म्हणजे सुमारे ७२,००० रुपये. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पुरे, असे न्यायालयीन निकाल आहेत. पण तीन महिन्यांसाठी भांडत कशाला बसायचं? राजीनाम्याची तारीख पुढे ढकला. पीएफचंही तसंच. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो. तसंही पीएफ काढूच नका. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवा, म्हणजे पुढे कधी नोकरीत परतलात, तर पीएफच्या पेन्शन योजनेत तुमचं नाव असल्यास पेन्शनसाठी लागणाऱ्या १० वर्षांत ही पाच धरली जातील.

येत्या वर्षा-दोन वर्षांत बाळाचा विचार असेल तर सही करण्याआधी दहादा विचार करा. मातृत्वाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा कर्मचाऱ्याला मिळते, कन्सल्टंटला नाही. थेरपीच्या क्षेत्रात एवढ्या बायका असूनही हा मुद्दा पगाराच्या बोलणीत कोणी काढत नाही.

राहिलं बायोमेट्रिक. नऊ ते पाच हजेरी, रजेचा अर्ज, बाहेर प्रॅक्टिसला बंदी असं सगळं ठेवून कागदावर फक्त 'कन्सल्टंट' लिहिलं, तर ते नातं नोकरीचंच आहे असा दावा करता येतो. मात्र तो आपोआप जिंकला जात नाही. नवसारीच्या नेत्ररुग्णालयातल्या मानद शल्यचिकित्सकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कुठल्याही एका कसोटीवर विसंबून न राहता करारातल्या सगळ्या अटी एकत्र तोलल्या आणि ते नातं नोकरीचं नाही असा निकाल दिला. तेव्हा खरोखर स्वतंत्र व्हायचं असेल तर वेळ ठरवण्याची मोकळीक आणि बाहेरचे पेशंट घेण्याची मुभा करारात लिहून घ्या.

प्रश्न : ठाण्यात एका बालविकास केंद्रात मी स्पीच थेरपी देते. ५० टक्के वाटा ठरला आहे. सेशनची फी ८०० असली तरी मला कधी ४००, कधी ३२० मिळतात, तेही तीन-तीन महिने उशिरा. टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापतात, पण २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या करनोंदीच्या पत्रकात) दिसत नाही.

कशाचे ५० टक्के, हे करारात लिहिलेलंच नसणार. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. केंद्राने दहा सेशनचं पॅकेज २० टक्के सवलतीत विकलं, की ८०० चे ६४० झाले आणि तुमचे ३२०. सवलत त्यांनी दिली, निम्मा भार तुम्ही उचलला. दोन वाक्यं घालून घ्या : वाटा छापील दरावर मोजला जाईल, आणि आयत्या वेळी रद्द झालेल्या सेशनचे अमुक टक्के मिळतील. दर महिन्याच्या १ तारखेला सेशनची यादी जोडून स्वतःचं क्रमांकित बिल द्या. त्यावर पॅन आणि आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक हवा. बिलच नसेल तर उशीर झाला हे सिद्ध कसं करणार?

उशिरावर उपाय आहे : उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी. ती ऑनलाइन आणि फुकट होते. नोंदणीनंतर दिलेल्या सेवेचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. आधीच्या थकबाकीला हे लागू होत नाही, म्हणून नोंदणी आजच करा.

टीडीएसचं विवरण तिमाहीने भरलं जातं. एप्रिल ते जूनचं ३१ जुलैपर्यंत. त्यामुळे महिनाभराने नोंद दिसली नाही तर घाबरू नका. तारीख उलटल्यावर केंद्राकडे कर कापल्याचं प्रमाणपत्र (जुन्या क्रमांकाने १६ए) मागा. कर कापून भरलाच नसेल तर तो तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, मात्र कापल्याचा पुरावा हवा : बिल, बँक खात्यातली जमा, केंद्राचा हिशेबाचा ईमेल. आणखी एक, व्यवसायकर आता कोणी पगारातून कापणार नाही. पीटीईसी (स्वतःचा व्यवसायकर स्वतः भरण्यासाठीची) नोंदणी करून वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरा.

प्रश्न : करारात 'सोडल्यावर दोन वर्षं १० किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करणार नाही' असं कलम आहे. — ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कोल्हापूर

भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार करार संपल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी मात्र टिकू शकते. पेशंटच्या फोन नंबरांची यादी घेऊन बाहेर पडणं ही वेगळी गोष्ट. त्यात तुम्हीच अडकाल.

प्रश्न : पगार सोडून फी घेऊ लागल्यावर सीएने ठोक पद्धतीने निम्मंच उत्पन्न दाखवायला सांगितलं. करावं का? — फिजिओथेरपिस्ट, पुणे

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले, पण लोक या सोयीला अजून ४४एडीएच म्हणतात. वर्षाला ५० लाखांपर्यंत फी जमा होत असेल (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख) तर किमान ५० टक्के उत्पन्न धरायचं, वह्या ठेवायची सक्ती नाही. 'किमान' हे विसरू नका. खरा नफा ८० टक्के असेल तर ८० टक्केच दाखवायचे. त्यात तोटाही नाही : नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि टीडीएस म्हणून कापलेले १० टक्के परत मिळतात. उलट ६ लाखांच्या फीवर ३ लाख दाखवलेत, तर गृहकर्जाच्या वेळी बँक तेवढ्यावरच हप्ता मोजेल. स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात, म्हणून पहिल्याच वर्षीचा आकडा नीट भरा.