गटात दोघंच बोलतात, बाकीचे गप्प

प्रश्न : नववीच्या विज्ञानासाठी समस्याधारित अध्ययन, म्हणजे गटात एखादी समस्या सोडवत शिकणं, सुरू केलं. प्रत्येक गटात दोघं सगळं उरकतात, बाकीचे ‘आम्हाला नाही जमणार’ म्हणून बसून राहतात. शाबासकी देऊनही फरक पडत नाही. काय करावं?

उत्तर : मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला जमेल’ या भावनेचे चार स्रोत सांगितले. त्यांत सर्वांत भक्कम म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. दुसऱ्याने दिलेला धीर त्यामानाने लवकर ओसरतो. तेव्हा गप्प मुलांच्या हातून काहीतरी घडायला हवं.

आधी समस्या तपासा. ‘प्रदूषण कसं रोखाल?’ यावर बोलकी मुलंच बाजी मारणार. समस्याधारित अध्ययनाची पद्धत १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी सुरू झाली. शाळेत समस्या लहान हवी आणि उत्तर बरोबर की चूक हे साहित्यानेच सांगायला हवं. उदाहरणार्थ : दोरा आणि लोखंडी नट वापरून असा दोलक करा, की एक दोलन, म्हणजे जाऊन परत येणं, एका सेकंदात व्हावं. सूत्र सांगू नका.

चौघांचा गट पुरे. पहिली तीन मिनिटं बोलायचं नाही; प्रत्येकाने लांबीचा अंदाज वहीत लिहायचा. ही पायरी गाळली की पहिला बोलणारा सगळ्यांच्या वतीने विचार करून मोकळा होतो. मग एकाने लांबी मोजायची, एकाने नट सोडायचा, एकाने दोलनं मोजायची, एकाने वेळ. प्रत्येक फेरीला कामं बदला.

चुका होतील, होऊ द्या. एकच दोलन मोजलं, तर स्टॉपवॉच दाबण्यातली ०.२ सेकंदाची चूक तब्बल २० टक्के ठरते. वीस दोलनं मोजली की तीच एक टक्क्यावर येते. नट सोडतानाच ‘एक’ म्हटलं, तर ‘वीस’ म्हणताना एकोणीसच दोलनं झालेली असतात. सुरुवात ‘शून्य’ने करायची. लांबी गाठीपर्यंत नव्हे, नटच्या मध्यापर्यंत धरायची. दोलक थोडाच, दहा अंशांच्या आत ओढायचा. उत्तर साधारण २५ सेंटिमीटर येतं. गटांचे आकडे जुळले नाहीत, तर फळ्यावर शेजारी लिहा आणि ‘कुणाचं बरोबर?’ऐवजी ‘फरक कुठून आला?’ विचारा. एकोणीस-विसाचा घोळ बऱ्याचदा गप्प मुलालाच सापडतो, कारण मोजत तोच असतो.

अडलेल्या गटाला उत्तर देऊ नका. ‘दोन फेऱ्यांमध्ये तुम्ही काय बदललंत?’ एवढंच विचारा. लांबी आणि ओढण्याचा कोन दोन्ही एकदम बदललेलं असतं, हमखास!

प्रश्न : आत्मविश्वास वाढला हे मोजायचं कसं?

उत्तर : ‘तुला विज्ञान जमतं का?’ हा प्रश्न फार ढोबळ. ‘दिलेल्या आवर्तकालासाठी (एका दोलनाच्या वेळेसाठी) दोऱ्याची लांबी तू शोधू शकशील, याची खात्री ० ते १० मध्ये किती?’ असं कामाआधी आणि नंतर लिहून घ्या. तयार कृतीची सवय असलेल्या मुलांचा आकडा सुरुवातीला खाली येऊ शकतो. तेवढ्यावरून पद्धत सोडू नका. खात्री दहा आणि उत्तर चूक, अशा वह्या मात्र बाजूला काढा. त्या मुलांना शाबासकी नको, पुन्हा मोजायला लावा.