प्रभाव, हस्तक्षेप की ढवळाढवळ?

ऐरोलीहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे : "ठाण्यातल्या आमच्या अभ्यासमंडळात वाचण्यासाठी मी एका इंग्रजी लेखाचे मराठी करते आहे. परदेशांतल्या हुकूमशाही राजवटी लोकशाही देशांच्या राजकारणात आणि समाजात काय काय करतात, हा लेखाचा विषय आहे. त्यात 'इन्फ्लुअन्स', 'इंटरफिअरन्स' आणि 'शार्प पॉवर' हे तीन शब्द सारखे येतात. पहिल्या दोहोंना मी सरसकट 'प्रभाव' म्हटले आणि तिसऱ्याला 'तीक्ष्ण सत्ता'. मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी 'हस्तक्षेप' सुचवला. माझ्या सासूबाईंनी मसुदा वाचून 'ही तर सरळ ढवळाढवळ झाली' असे म्हटले, पण तो घरगुती शब्द लेखात शोभेल का? शिवाय 'ऑथॉरिटेरियन'ला हुकूमशाही म्हणावे की एकाधिकारशाही?"

ताई, तुमच्या सासूबाईंचा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. त्याच्याकडे येण्याआधी मात्र 'प्रभाव' का नको, हे सांगायला हवे, कारण मराठी वृत्तपत्रांतही या विषयावर लिहिताना हाच शब्द सर्रास वापरला जातो आणि त्याने अर्थाची मोठी हानी होते.

ज्ञानोबा-तुकोबांचा मराठी मनावरील प्रभाव, एखाद्या शिक्षकांचा विद्यार्थ्यावरील प्रभाव, असे आपण म्हणतो तेव्हा प्रभाव पाडणाऱ्याचे थोरपण किंवा निदान आकर्षण गृहीत असते. शिवाय ज्याच्यावर प्रभाव पडतो, त्याला तो कोणाचा हे बहुधा ठाऊक असते. म्हणजे या शब्दात उघडेपणा आहे आणि घेणाऱ्याची संमतीही आहे. एखाद्या राजवटीने दुसऱ्या देशातल्या खासदाराचा खर्च परस्पर भागवला किंवा खोट्या नावाने तिथल्या मतदारांशी संवाद साधला, तर त्याला 'प्रभाव' म्हणणे म्हणजे त्या राजवटीला न मागता प्रशस्तिपत्र देणे होय.

हाच भेद कायद्याच्या भाषेत करण्याची वेळ ऑस्ट्रेलियावर आली. डिसेंबर २०१७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी याविषयीची विधेयके मांडताना तीन विशेषणांनी सीमारेषा आखली. मराठीत मी ती विशेषणे 'छुपे, धाकाचे किंवा लाचेचे' अशी करीन. परक्या सरकारचे जे वर्तन या तीनपैकी एकातही बसते ते खपवून घेतले जाणार नाही. बाकीचे राजनैतिक व्यवहार चालू राहतील. त्याच महिन्यात सॅम दस्त्यारी या सिनेटरांनी चीनशी संबंध असलेल्या देणगीदारांच्या प्रकरणावरून राजीनामा जाहीर केला होता. कायदे जून २०१८ मध्ये संमत झाले, आणि परक्या सरकारच्या वतीने उघडपणे राजकीय काम करणाऱ्यांसाठी नोंदवही ठेवण्याची योजना त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाली. म्हणजे जे नोंदवून, नाव सांगून केले जाते तो प्रभाव; जे लपवून, धमकावून किंवा पैसे चारून केले जाते ते निराळे.

हे वाचताना मला आपले साम-दाम-दंड-भेद आठवले. (जुन्या ग्रंथांत दुसरा उपाय 'दान' असा आहे, 'दाम' हे रूप बोलण्यातून रुळले.) लाच म्हणजे दाम, धाक म्हणजे दंड, आणि छुपी कारवाई म्हणजे भेद. टर्नबुल यांच्या तीन विशेषणांनी हे तीन उपाय वगळले, की मागे 'साम' उरतो, आणि 'प्रभाव' हा शब्द मराठीत फक्त या सामासाठी राखून ठेवावा असे माझे मत आहे. परदेशी चित्रपट महोत्सव, भाषेचे वर्ग, दूतावासाचे जाहीर निवेदन, नेत्यांच्या भेटी, हे सगळे सामात येते, मग ते करणारी राजवट आपल्याला आवडो वा न आवडो.

दंडाबद्दल एक उदाहरण पुरे आहे. नोबेल समितीने २०१० चे शांतता पारितोषिक चीनमध्ये तुरुंगात असलेल्या लिऊ शियाओबो यांना दिले. ती समिती नॉर्वेच्या सरकारची नव्हे, तरीही चीनने नॉर्वेशी राजकीय संबंध गोठवले, नॉर्वेच्या सामन माशांच्या व्यापाऱ्यांना बंदरावरच्या तपासण्यांचा त्रास सोसावा लागला, आणि संबंध पूर्ववत व्हायला डिसेंबर २०१६ उजाडला. अशा कारवाईसाठी मराठीत एक म्हण तयार आहे : लेकी बोले सुने लागे. बोलणे नॉर्वेला होते, पण ऐकायचे इतर देशांनी होते. म्हणूनच अशा ठिकाणी 'दबाव' आणि 'दडपण' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. दबाव बाहेरून आणला जातो, दडपण आत येते. ज्याच्यावर कोणीही दबाव आणलेला नाही असा प्रकाशक, प्राध्यापक किंवा खेळाडू दडपणापोटी आपणहून गप्प बसतो, तेव्हा त्याला 'स्वनियंत्रण' किंवा 'आत्मसंयम' म्हणणेही चूक आहे, कारण हे दोन्ही आपल्याकडे सद्गुण मानले जातात. 'दडपणाखालचे मौन' असे लांब लिहावे लागले तरी चालेल.

आता ढवळाढवळ. माझे लहानपण नौपाड्यात गेले. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येई, आजी पिंपात तुरटी फिरवून ठेवी आणि सकाळपर्यंत कोणी पिंपाला हात लावायचा नाही अशी ताकीद असे. आम्हा मुलांपैकी कोणी डाव घालून ढवळलेच, तर क्षणात सगळे पाणी पुन्हा लाल होई. तो गाळ बाहेरून कोणी आणून टाकलेला नसे. तो त्याच पाण्यात तळाशी बसलेला असे; ढवळणाऱ्याने फक्त तो वर आणलेला असे.

परक्या राजवटींच्या कारवायांचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात २१ मे २०१६ रोजी एका इस्लामी केंद्रासमोर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जमाव एकमेकांविरुद्ध घोषणा देत उभे होते. एका जमावाला 'टेक्सासचे इस्लामीकरण थांबवा' म्हणून फेसबुकवरील एका पानाने बोलावले होते, दुसऱ्याला मुस्लिमांच्या बाजूने उभे राहा म्हणून दुसऱ्या एका पानाने. दोन्ही पाने रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरातील एकाच संस्थेतून चालवली जात होती, हे पुढे अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर उघड झाले, आणि या सगळ्याला सुमारे २०० डॉलर खर्च आल्याचे समितीच्या अध्यक्षांनी सांगितले. रस्त्यावरची माणसे खरी होती, त्यांचा राग खरा होता, त्यांच्यातली तेढही जुनी होती. रशियाकडून आली ती फक्त ढवळणी.

व्याकरणही या शब्दाच्या बाजूने आहे. पळापळ, ओढाओढ, फेकाफेक यांसारख्या द्विरुक्त नामांत क्रिया एकदा होऊन थांबत नाही, पुन्हा पुन्हा आणि अनेक हातांनी होत राहते. 'हस्तक्षेप' ऐकताना एकच हात एकदाच मध्ये आलेला दिसतो. शिवाय तो शब्द चांगल्या कामालाही चालतो : न्यायालयाने हस्तक्षेप केला म्हणून झाडे वाचली, असे आपण समाधानाने म्हणतो, न्यायालयाने ढवळाढवळ केली असे समाधानाने कोणी म्हणणार नाही. तेव्हा कायद्याचे नाव, कराराचे कलम अशा ठिकाणी 'हस्तक्षेप' ठेवावा. भारत आणि चीन यांच्या १९५४ च्या पंचशील करारातले 'परस्परांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे' हे तत्त्व तसेच लिहिणे योग्य. मात्र हेही लक्षात असू द्यावे, की मानवी हक्कांविषयी कोणी साधे जाहीर पत्रक काढले तरी त्याला 'अंतर्गत कारभारातील हस्तक्षेप' म्हणण्याची या राजवटींची रीत आहे. उघड टीका ही साम आहे, आणि अनुवादकाने त्यांच्या या वापराला अवतरणचिन्हांत ठेवावे.

ढवळण्याच्या शेजारीच 'कंडी पिकवणे' हा वाक्प्रचार ठेवा. खोटी माहिती मुद्दाम पेरण्याच्या इंग्रजी संज्ञेला 'अपप्रचार' म्हणतात, पण अपप्रचारात ती पेरल्याची कल्पना येत नाही. जुलै १९८३ मध्ये दिल्लीतल्या 'पॅट्रियट' या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आले; एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत तयार झाला, असा त्यात दावा होता. १९८५ मध्ये एका सोव्हिएत साप्ताहिकाने त्याच भारतीय पत्राचा हवाला देऊन ती गोष्ट पुढे नेली, मग ती देशोदेशी फिरली, आणि १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी हेरखात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी त्यामागे सोव्हिएत यंत्रणा असल्याचे मान्य केले. आपल्या देशाच्या मातीत ही कंडी पिकवली गेली, हे मला आजही बोचते.

'शार्प पॉवर' ही संज्ञा नवी आहे. अमेरिकेतल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी या संस्थेच्या डिसेंबर २०१७ च्या अहवालातून ती पुढे आली. जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये रूढ केलेली 'सॉफ्ट पॉवर' माणसांना आकर्षून घेते. शार्प पॉवर मात्र लक्ष्य केलेल्या देशाचे राजकीय आणि माहितीचे वातावरण भेदते, त्याला भोके पाडते, असे अहवालकर्त्यांचे म्हणणे आहे. 'तीक्ष्ण सत्ता' यात दोन अडचणी आहेत. तीक्ष्ण नजर, तीक्ष्ण बुद्धी असे आपण कौतुकाने म्हणतो. (कौटिल्याने जिवावर उदार होऊन घात करणाऱ्या हेरांना 'तीक्ष्ण' म्हटले आहे, पण तो अर्थ आज कोणाच्या कानात नाही.) आणि 'सत्ता' म्हटले की मराठी माणसाला खुर्ची दिसते, इथे तर खुर्ची दुसऱ्याचीच राहते. माझी सूचना 'भेदशक्ती' अशी आहे. भेदणे म्हणजे भोक पाडणे, आणि भेद म्हणजे फूट पाडण्याचा उपाय, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिळतात, आणि इंग्रजी संज्ञेत नसलेला दुसरा अर्थ मराठीत फुकट पदरात पडतो.

व्यापारातून शिरणाऱ्या भेदशक्तीविषयी मराठीत तीनशे वर्षांपूर्वीचे लेखन आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांबद्दल, म्हणजे फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) वगैरे लोकांबद्दल, असा इशारा आहे की हे सावकारी करतात खरे, पण वरकड सावकारांसारखे नव्हेत; यांचे धनी प्रत्यक्ष राज्य करतात आणि त्यांच्या हुकमाने हे इथे येतात, आणि राज्य करणाऱ्याला स्थळलोभ नसेल असे कसे घडेल? ठाणेकरांना याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, आणि पेशव्यांच्या घरातली भाऊबंदकी पेटलेली असताना डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने तो जिंकला. पुढल्या मार्चमध्ये सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई कंपनीला देऊ केली. तेव्हा दोन्ही बाजूंना लोकशाही नव्हती, म्हणून तुलना ताणू नये. पण 'ज्याचा धनी राज्य करतो असा सावकार' ही अमात्यांची कल्पना आजही जशीच्या तशी उपयोगी पडते. चीनच्या सरकारी मालकीच्या कॉस्को कंपनीने २०१६ मध्ये ग्रीसच्या पिरेयस बंदराचे ५१ टक्के भाग घेतले. जून २०१७ मध्ये चीनमधील मानवी हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांत युरोपीय संघाने करायचे निवेदन ग्रीसने अडवले. या दोन घटनांना कार्यकारणाच्या दोरीने घट्ट बांधण्याचे कारण नाही, पण तुमच्या लेखात 'सरकारी कंपनी' आली की वाचकाला अमात्यांची आठवण एका टीपेत जरूर द्या.

एक सावधगिरीची गोष्ट. अशा विषयात 'फितूर', 'हस्तक', 'घरभेदी' हे शब्द लेखणीच्या टोकाशी आपोआप येतात. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण दस्त्यारींसारख्या प्रसंगाला लागू पडते, हे खरे. पण साक्षीदार फितूर झाला हे न्यायालय पुरावा पाहून ठरवते. लेखकाने एखाद्या संस्थेला किंवा स्थलांतरित समाजाला सरसकट तसे म्हणू नये. रशियाने २०१२ मध्ये 'परकीय हस्तक' हाच शब्द कायद्यात घातला आणि स्तालिनच्या काळातील बळींच्या नोंदी जपणाऱ्या 'मेमोरियल' या संस्थेवर तो शिक्का मारून डिसेंबर २०२१ मध्ये ती बंद करण्याचा न्यायालयीन आदेश मिळवला. आपल्याकडेही 'परकीय हात' हा शब्दप्रयोग विरोधकांविरुद्ध किती सैलपणे वापरला गेला, आणि परदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६ मध्ये, आणीबाणीतच झाला, हे विसरता येत नाही. म्हणून कृतीला नाव द्यावे, माणसाला देण्याची घाई करू नये.

हुकूमशाही की एकाधिकारशाही, याचे उत्तर थोडक्यात देतो. हुकूमशाही म्हटले की गणवेशातला एक माणूस डोळ्यांसमोर येतो. तुमच्या लेखातल्या राजवटींपैकी कुठे एक पक्ष आहे, कुठे राजघराणे, कुठे नावापुरत्या निवडणुकाही होतात, आणि सत्तेला आव्हान देण्याची वाट बंद असणे एवढेच त्यांच्यात समान आहे. या व्यापक अर्थाला 'एकाधिकारशाही' चांगला बसतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवेल, आणि ती आठवण अर्थाला मदतच करते : दुसरा खरेदीदार नसणे म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवले आहे.

तुमच्या मसुद्याचे शीर्षक 'हुकूमशाही देशांचा लोकशाही देशांतील प्रभाव' असे आहे. मी ते 'एकाधिकारशाही राजवटींची लोकशाही देशांतील ढवळाढवळ' असे करीन. 'देश' काढून 'राजवटी' घालण्याचे कारण असे, की त्या देशांतले कित्येक नागरिक या राजवटींच्या तुरुंगात आहेत, आणि जे बाहेर निघून गेले त्यांना परक्या शहरांतही धमक्यांचे फोन येतात. मसुद्यात 'चीनने', 'रशियाने' असे जिथे आले आहे तिथेही एकदा थांबून पाहा, आणि सासूबाईंना पुढचा खर्डाही वाचायला द्या.